मालू धवलारणीचा दुसरा आवाज

"मरण गल्यापरत आलं व्हतं, डॉक्टरनी भोक पारलं आनि त्याला भायेर वाट दिली."

मालूबाय हे मला पहिल्याच भेटीत म्हणाली. मी बेलपाड्यात भाड्याची खोली बघायला गेलो होतो. तिचा भाऊ भगवान हा घरमालक. किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत तो मला पाण्याची वेळ आणि गाडी कुठं लावायची ते सांगत होता. जिन्याच्या खालच्या पायरीवर एक साठीची बाई करंदी, ती बारीक कोलंबी, निवडत बसली होती. तिच्या गळ्याशी पांढरा सुती रुमाल बांधलेला होता, बाळाच्या लाळेऱ्यासारखा. मी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. ते तिनं टिपलं. हात पदराला पुसून तिनं कमरेच्या पिशवीतून टॉर्चसारखी एक वस्तू काढली, तिचं पुढचं टोक हनुवटीखाली टेकवलं, अंगठ्यानं बटण दाबलं आणि ते वाक्य बोलली.

केस कापायच्या मशीनमधून शब्द बाहेर यावेत तसा तो आवाज होता. त्याला चढ नव्हता, उतार नव्हता. बटणावरून अंगठा उचलला की तो कापल्यासारखा थांबायचा. माझी नजर पुन्हा रुमालाकडं गेली, तेव्हा तिनं पुन्हा मशीन टेकवलं.

"भोक बगायचं ते एकदाच बगून घ्या. मंग खोली बगा."

"मालू, पावण्याला घाबरवू नको," भगवान ओशाळून म्हणाला.

"घाबरट असंल तर र्‍हानार कसा? आपले घरान सगली माज्यापेक्षा मोठ्यानं बोलतान."

मी ती खोली घेतली. अजून तिथंच आहे.

मालूबायचं स्वरयंत्र काढून टाकलेलं आहे. तिचा श्वास नाकातोंडातून जात नाही. गळ्याच्या खळगीत रुपयाएवढं भोक आहे, त्यातून थेट आत जातो आणि तिथूनच बाहेर येतो. रुमाल त्याच्यावर असतो, धूळ जाऊ नये म्हणून. तिला चहावर फुंकर घालता येत नाही. तळलेल्या बोंबलाचा वास तिच्यापर्यंत पोचत नाही. तो तळला गेला की नाही हे ती आता रंगावरून ओळखते. ती हसते तेव्हा फक्त खांदे हलतात. मशीन बाहेरून गळ्याला थरथर देतं, ती थरथर तोंडात पोचते, आणि जीभ, ओठ, दात मिळून तिचे शब्द करतात. म्हणजे शब्द तिचेच असतात. खालचा नाद तेवढा एका कारखान्यातून आलेला.

हे सगळं कुणाच्याही बाबतीत जड गेलं असतं. मालूबायच्या बाबतीत ते जास्त होतं, कारण ती धवलारीण.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उभा राहण्याआधी आणि तो गेल्यानंतरही धवलारीण असते. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधी ती गाऊन पुढं नेते. देवांना बोलावते, गावदेवीला बोलावते, पितरांना बोलावते, हळद दळणाऱ्या बायांना हाका मारते. तिचं हे गाणं म्हणजे धवला. धवला थांबला की लग्नही तिथंच थांबतं. मालूबायची आई धवलारीण होती. मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहताना तिनं पोरीला धवले शिकवले. मालूबाय लग्न होऊन उरणकडं गेली, नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परतली. तेव्हापासून पनवेल ते उरण कुठल्याही गावात आगऱ्यांचा मांडव पडला की तिला बोलावणं यायचं.

धवल्याला ठरलेली लांबी नसते. धवलारीण गाते तेव्हा तिचे डोळे माणसांच्या हातांवर असतात. हळद दळून झाली नसेल तर ती ओळ ताणते, तिच्यात आणखी एखादं नाव घालते, एखाद्या करवलीची थट्टा घालते. हात थांबले की ती पुढच्या विधीवर जाते. उलव्याच्या एका लग्नात पाणी आणायला गेलेल्या बाया विमानतळाच्या भरावाच्या डंपरांमागं अडकून पडल्या. मालूबायनं तेवढ्या वेळात त्या भागातल्या बुजलेल्या विहिरी एकेक करून धवल्यात आणल्या आणि प्रत्येकीला पाणी मागितलं. म्हाताऱ्या बाया डोळे पुसत होत्या. घागरी येऊन पोचल्या, तेव्हा कुणालाच घाई उरली नव्हती.

दुखण्याची सुरुवात अशीच लग्नसराईत झाली. आवाज बसला. धवलारणीचा आवाज लग्नसराईत बसायचाच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. सराई संपली तरी तो उठला नाही. वर्षानुवर्षं सकाळी दातांना लावलेली तंबाखूची मिश्री आत जाऊन बसली होती. खारघरच्या कर्करोगाच्या रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल. भगवान खुर्चीतच रडायला लागला.

"मंग मी बोलनार कशी?" मालूबायनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी टेबलाच्या खणातून ते मशीन काढून स्वतःच्या गळ्याला लावून दाखवलं. मालूबायनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"यानं गाता येतं?"

डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही. बोलता येईल."

मालूबाय खिडकीबाहेर बघत राहिली. तिकडं डोंगराला लागून नव्या इमारती चढत होत्या. मग म्हणाली, "काडा."

शस्त्रक्रियेच्या दालनाच्या दारात ती आपल्या मूळ आवाजात शेवटचं जे बोलली ते भगवान अजून सगळ्यांना सांगतो. त्याला वाटलं होतं, ही देवाचं नाव घेईल, निदान भावाला काही सांगेल. ती म्हणाली, "माजी चप्पल कोन नेल, लक्ष ठेव."

नंतरचे महिने शिकण्याचे होते. मशीन गळ्यावर नेमक्या जागी टेकलं नाही तर नुसता गुणगुणाट होतो, शब्द होत नाही. ती आरशासमोर बसून जागा शोधायची. रुग्णालयातली वाचा शिकवणारी मुलगी म्हणाली, आजी, 'ह' अवघड जातो, त्याला छातीतली हवा लागते. मालूबायनं मशीन टेकवलं. "आमी आगरी. अर्धा 'ह' आमी कवाच खाल्लाय." मुलगी एवढी हसली, की शेजारच्या खोलीतून कुणी तरी बघायला आलं.

मशीनचा नाद मुळात जाड होता, पुरुषी. तो बदलून घ्यायला ती पनवेलच्या बाजारात इक्बालच्या दुकानात गेली. इक्बाल बरीच वर्षं आखातात होता, आता मोबाइल दुरुस्त करतो. त्यानं भिंग डोळ्याला लावून मशीन उघडलं.

"मालूबाय, आत एक बारीक स्क्रू आहे. फिरवला की सूर वरखाली होतो. बोला, कितना चाहिए?"

"बाईमानसाचा कर."

त्यानं थोडा फिरवला. ती बोलून बघायची, मान हलवायची, तो पुन्हा फिरवायचा. दुकानातली गिऱ्हाईकं ताटकळत उभी होती. शेवटी ती म्हणाली, "बस. आता शेजारनीशी भांडन करता येल."

"मुबारक हो," इक्बाल म्हणाला. "पहिलं भांडण माझ्या घरवालीशी करा, ती माझं ऐकत नाही."

त्या मशीनसकट ती सगळीकडं जाऊ लागली. मासळी बाजारात भाव करू लागली. रिक्षात पुढच्या माणसाला "सरक" म्हणू लागली. गल्लीतली पोरं मागं लागायची, "रोबोट! रोबोट!" ती वळून विचारायची, "रोबोट कोलंबी खातो का रं?" गॅसवाल्यांना फोन केला तेव्हा पलीकडं ध्वनिमुद्रित बाई होती. बराच वेळ दोघी बोलत राहिल्या. फोन ठेवून मालूबाय मला म्हणाली, "तिला माजं कललं नाय, मना तिचं कललं नाय. दोगी पन मशीनच."

धाडस म्हटलं की लोकांना आग, पूर, युद्ध आठवतं. मला रिक्षाच्या रांगेत उभी असलेली ही बाई आठवते. ती बोलणार, की सगळी रांग वळून बघणार, हे तिला ठाऊक असायचं, आणि तरी ती अंगठा बटणावर न्यायची. रोज.

पण लग्नांना ती जाईना. बोलावणी येत, ती पाटावर ठेवायचे तांदूळ पाठवून द्यायची. एका दुपारी तिच्या स्वयंपाकघरातून मशीनचा नाद ऐकू आला. ती धवला म्हणून बघत होती. शब्द ओळीनं पडत होते, सगळे एकाच उंचीवर, पाढे म्हटल्यासारखे. दोन ओळी झाल्या. मग बटण बंद झालं आणि भांडी घासल्याचा आवाज सुरू झाला. तो बराच वेळ चालला.

यंदा भगवानच्या मुलीचं, मनस्वीचं लग्न ठरलं. नवरा द्रोणागिरीकडचा. मनस्वी विमानतळावर नोकरीला लागली आहे, कडक इस्त्रीच्या गणवेशात जाते. सुपारी फुटली त्या दिवशी ती आत्याजवळ येऊन बसली.

"आत्या, माझे धवले तूच म्हणायचेस."

मालूबायनं मशीन तिच्यापुढं धरून नुसत्या भुवया उंचावल्या. यानं?

"यानं," मनस्वी म्हणाली.

भगवानला हे मान्य नव्हतं. तो वाईट माणूस नाही. बहिणीच्या दुखण्यात त्यानं दोन वर्षं रुग्णालयाचे जिने झिजवले. पण त्याला लोकांचं भय आहे.

"नवऱ्याकडची मानसं येतील. बाया काय बोलतील? हलदीला मशीनचा आवाज? कोनी हसला तर? तुला हसला तर मना चालंल का गं?"

"मना चालंल," मालूबाय म्हणाली.

"मना नाय चालनार."

मालूबायनं मशीन पिशवीत टाकलं. मला वाटतं, तिलाही भयच होतं; लोकांचं नव्हे, धवल्याचं. आईनं दिलेली वस्तू आपल्या हातून भर मांडवात फुटेल याचं. तिला ते लग्न पाहिजे होतं. ज्या पोरीची पाचवी तिनं पुजली, तिला तिच्याच शब्दांनी पाटावर बसवायचं होतं. आणि तिला ते जमेल असं वाटत नव्हतं.

तोडगा हितेशनं काढला. हितेश भगवानचा मुलगा, मनस्वीचा थोरला भाऊ. त्याच्या स्वतःच्या लग्नात मालूबायनं धवले म्हटले होते, तेव्हा आवाज धड होता, आणि कुणी तरी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोबाइलवर घेतले होते. त्याची एकच प्रत उरली होती, तीच हितेशनं एका ॲपमध्ये घातली. त्या ॲपनं मागचा बेंजो पुसला, पोरांचा गोंगाट पुसला. जिथं 'हितेश' होतं तिथं आत्याच्याच आवाजात 'मनस्वी' घातलं. नवऱ्याची नवरी केली, भाच्याची भाची केली, उलव्याच्या व्याह्यांच्या जागी द्रोणागिरीचे व्याही आणले. जे जे बदलायचं ते सगळं त्यानं बदललं. महिनाभर तो कामावरून आला की कानात इयरफोन घालून बसायचा.

तयार झाल्यावर त्यानं आत्याला समोर बसवून त्यातला सुरुवातीचा तुकडा ऐकवला. मी, भगवान आणि मनस्वीही होतो.

आवाज सुरू झाला. मी तो कधी ऐकला नव्हता. रुंद, किंचित घोगरा, ओळीच्या शेवटी वर जाऊन तिथंच थोडा वेळ थांबणारा. त्या आवाजानं 'मनस्वी' म्हटलं, तेव्हा मालूबायचा हात आपोआप गळ्याकडं गेला. तिथं रुमाल होता. मेलेल्या माणसाचा फोटो बघणं वेगळं. तो फोटो आजची बातमी सांगू लागला, तर माणसानं काय करायचं?

"कसं वाटलं, आत्या?" हितेशचे डोळे चमकत होते.

तिनं मशीन टेकवलं. "बरी गात व्हती रं बाई."

"अगं, तूच ना ती!"

"व्हय. तूच लाव मंग. तिचा घसा बसत नाय, दम नाय लागत." आणि तिचे खांदे हलले. हितेश तिच्या गळ्यात पडला. भगवाननं सुटकेचा श्वास टाकला. तिच्या धवल्याचं आणि तिच्या अब्रूचं, दोन्हींचं रक्षण झालं असं सगळ्यांना वाटलं. मनस्वी मात्र तोंड वळवून उठली आणि गणवेश घालून कामावर निघून गेली.

हळदीच्या दुपारी मांडव भरला होता. मिथुन नावाच्या पोराची साउंड सिस्टीम होती, कपाटाएवढे खोके दोन बाजूंना. हितेशनं आपला फोन त्याला जोडून दिला आणि स्वतः हळदीच्या परातीशी बसला. नवऱ्याकडच्या पाचसहा बाया नऊवारी सावरत पुढच्या खुर्च्यांवर होत्या. मालूबाय मागं, खांबाशी, पाहुणी असल्यासारखी. मशीन पदराखाली मुठीत.

पहिल्या ओळी छान गेल्या. गणपती आला, गावदेवी आली. बाया झेलू लागल्या. धवलारीण ओळ टाकते आणि बाकीच्या बाया ती झेलून पुढं नेतात, तसं. पण लवकरच एक गोष्ट लक्षात येऊ लागली. आवाज कुणाच्या हातांकडं बघत नव्हता. बायांची हळद दळून व्हायची होती, तो हळद लावायला निघाला होता. बाया घाईघाईनं जातं फिरवू लागल्या. एक म्हणाली, "काय गो, हिची गाडी सुटते काय?" हशा पिकला. तोवर ठीक होतं.

मग मामाची वेळ आली. या घरात मामा भाचीला हात देऊन पाटावर बसवतो आणि मगच हळद लागते. मनस्वीचा सख्खा मामा काशिराम करोनात गेला. त्याला शेवटचं कुणी पाहिलं नाही. देह घरी आलाच नाही. त्याच्या जागी चुलत मामा निकेश उभा राहणार होता. तो नवा सदरा घालून पुढं आला, मनस्वीनं हात पुढं केला, त्यानं आपला हात पुढं केला.

आणि दोन्ही बाजूंच्या खोक्यांतून मालूबायच्या जुन्या, भरदार आवाजानं हाक मारली.

"काशिराम मामा रं, ये मांडवान ये..."

हितेशनं जे जे बदलायचं ते सगळं बदललं होतं. मामा बदलायचा नव्हता. भावाचा आणि बहिणीचा मामा एकच.

निकेशचा हात हवेतच राहिला. बायांनी ओळ झेलली नाही. आवाज पुढं गेला. हितेशच्या लग्नात काशिराम बाहेर गाड्या लावून घेत होता, त्याला यायला उशीर झाला होता, म्हणून त्या वेळी मालूबायनं त्याची थट्टा करत ओळ ताणली होती. ती सगळी थट्टा आता येऊ लागली.

"काशिराम मामा रं, कुटं दडून बसला...

भाची बगते वाट रं, कवा येशील तू मामा..."

मनस्वीच्या आईनं, काशिरामच्या बहिणीनं, पदर तोंडावर ओढला. तिच्या पाठीचा कणा वाकत चालला होता. नवऱ्याकडची एक बाई शेजारणीला हलक्या आवाजात म्हणाली, "मेलेल्या मानसाला हाक? हलदीन?" हितेश परातीवरून उठला, फोनकडं धावला. त्याचे हात मनगटापर्यंत हळदीनं माखले होते. फोन त्याचं बोट ओळखेना. तो सदऱ्याला बोट पुसत होता, पुन्हा लावत होता, सदरा पिवळा होत होता, आणि आवाज मामाला बोलावतच होता. अखेर मिथुननं वायर ओढून काढली.

जातं थांबलं. नाव हवेत टांगलं गेलं होतं. ते तसंच ठेवून कुणाला पुढं जाता येत नव्हतं, आणि मागं घेता येत नव्हतं.

"दुसरं लाव!" भगवान मिथुनवर ओरडला. "कोनतं पन लाव! डीजे लाव!"

मिथुननं बटणाकडं हात नेला, तो मालूबायनं धरला. ती खांबापासून कधी निघाली ते मला दिसलं नव्हतं. तिनं टेबलावरचा माइक उचलून त्याच्या हातात दिला आणि आपल्या तोंडासमोर कसा धरायचा ते खुणेनं दाखवलं. मशीन हनुवटीखाली टेकवलं. पहिल्यांदा जागा चुकली. खोक्यांतून नुसता गुणगुणाट झाला, मोठा, सगळ्या बेलपाड्याला ऐकू जाईल एवढा. पोरं हसली. "रोबोट आत्या!"

"मालू, नको," भगवान म्हणाला. विनवल्यासारखा.

तिनं मशीन बोटभर सरकवलं.

"काशिराम मामा गेला, समिंदराचे पार."

सपाट. एकाच उंचीवर. खोक्यांतून तो आवाज लोखंडी दिसत होता. दिसत होता असंच म्हणतो. कुणीही झेलला नाही. तिच्या गळ्यावरचा रुमाल आत ओढला जात होता, बाहेर फुगत होता. पुढच्या खुर्चीतल्या बाया एकमेकींकडं बघत होत्या. ती थांबली असती, तर कुणी दोष दिला नसता. तिनं दुसरी ओळ टाकली.

"पितरांचे रांगेन आला, मांडवाचे दार."

पदराआडून सूर आला. मनस्वीच्या आईचा. रडून जाड झालेला, वेडावाकडा, पण सूर. तिनं पहिल्या ओळीपासून घेतलं: समिंदराचे पार गेला गं, काशिराम मामा. तिनं शब्द मालूबायचे घेतले आणि चाल तिच्या-माझ्या जन्माआधीची होती, ती त्यांच्यावर घातली. जात्याशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं दुसरी ओळ उचलली. मग चौघींनी. मालूबायनं मान खाली घातली, एक पळभर डोळे मिटले, आणि नंतर तिचे डोळे उघडले ते थेट माणसांच्या हातांवर गेले.

"पितरांना द्या पाट, पाटावर तांदूल."

कुणी तरी पाट आणला. तांदूळ आले. ते ओतून होईपर्यंत ती तीच ओळ टाकत राहिली, बाया तीच गात राहिल्या. काशिराम जिवंत माणसांच्या हाकेतून निघाला आणि जिथं त्याला बोलवायला पाहिजे होतं तिथं, पितरांच्यात, येऊन बसला. त्याला कुणी पोचवलं नव्हतं. त्या दुपारी पोचवलं.

पूर्वी मालूबायला ओळीच्या मध्ये दम घ्यावा लागायचा. आता शब्दांचा आणि श्वासाचा काही संबंध उरला नव्हता. ती न थांबता ओळी टाकत होती आणि बायांची दमछाक होत होती.

"जरा दमानं गो, मालूबाय!" जात्याशी बसलेली म्हातारी ओरडली. "तुला मशीन हाय, आमाला नाय!"

मांडव हसला. मघाशी पोरं हसली होती ते हसणं वेगळं होतं. मालूबायचे खांदे हलले. मग तिनं निकेशकडं बघून ओळ टाकली:

"निकेश मामाचे हातान, काशिराम मामाचा हात."

निकेशनं मघापासून अधांतरी ठेवलेला हात पुढं केला. मनस्वीनं तो धरला आणि पाटावर बसली. ती रडत होती, तिचं काजळ गालांवर उतरलं होतं, आणि ती आत्याकडं बघत अशी हसत होती, की मला तिकडं फार वेळ बघवलं नाही. मालूबायनं हळदीच्या बायांना एकेकीला नावानं हाक मारली. नवऱ्याकडच्या बायांनाही मारली. मघाशी कुजबुजलेली बाई आधी बसून राहिली. तिच्या नावावर मालूबायनं ओळ ताणली, ताणत राहिली, ती बाई हसून उठेपर्यंत.

हळद लागली. पुढं सगळं जसं व्हायचं तसं झालं. जेवणाच्या पंगतीत नवऱ्याच्या आईनं भगवानला विचारलं, उद्या लग्नात धवले कोन म्हननार? तिला खरोखरच माहिती हवी होती. भगवान हातात वरणाची बादली घेऊन उभा होता. त्यानं बहिणीकडं पाहिलं. ती खांबाशी बसून गळ्याचा रुमाल बदलत होती, आधीचा पिवळा झाला होता.

"कोन म्हंजे?" तो म्हणाला. "मालू. आमची मालूच म्हनते."

आणि वरण वाढत पुढं गेला.

ऊन कलल्यावर मांडवात थोडीच माणसं उरली. हितेश एकटा साउंडच्या टेबलाशी बसला होता. सदरा पिवळा, चेहरा उतरलेला. मालूबाय त्याच्याजवळ गेली. त्यानं फोन तिच्यासमोर धरला. पडद्यावर ती फाइल होती, शेजारी कचरापेटीचं चिन्ह.

"आत्या, चुकलं गं माझं. मामाचं डोक्यातच नाही आलं. हे पुसून टाकू का?"

ती फोनकडं बघत राहिली. त्यात तिचा आवाज होता, तिच्या आईसारखा, ओळीच्या शेवटी वर जाऊन थांबणारा. जगात तेवढ्याच एका जागी तो आता शिल्लक होता. हितेशचं बोट चिन्हावर थांबलं होतं, तिच्या एका शब्दासाठी.

"सांग ना, आत्या. ठेवू की पुसू?"

तिनं हळदीचा हात त्याच्या गालावरून फिरवला, दुसऱ्या गालावरूनही फिरवला, लहानपणी त्याचं तोंड पुसताना फिरवत असेल तसा. मशीन कमरेच्या पिशवीत टाकलं. पिशवीची नाडी ओढली. आणि मांडवाच्या दाराशी वाकून, लोंबणारी आंब्याची डहाळी हातानं बाजूला करून, ठेवायचं की पुसायचं ते त्याच्यावरच सोडून ती बाहेर पडली.